मी डॉक्टरांना पाठ सांगितली

माय,

दोन आठवड्यांपूर्वी उमरखेडला मी तुझ्या नावावर टाळ्या घेतल्या. हॉलभर बाया होत्या, अंगणवाडीच्या सेविका, माझ्यासारख्या दोन-चार मदतनीस, आणि समोर माइक धरून बाहेरगावाहून आलेल्या मॅडम. मी पुढे उभी राहून तुझ्या खुणा करून दाखवल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून घास गोड लागत नाही. मी मनात ठेवून कुढणारी बाई नाही. जे असेल ते समोरच्याच्या तोंडावर बोलते आणि मोकळी होते. पण हे असं आहे की बोलायला समोर माणूसच उरलेलं नाही. म्हणून वही घेतली. सातवीपर्यंतची माझी शाळा, अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखं. बोलताना मी मले-तुले म्हणते, पण पेन हातात आलं की मला-तुला येतं. शाळेतल्या बाईंनी छडीनं बसवलेली सवय. तुला त्याचं काय म्हणा. तुझ्याशी मी यातलं काहीच बोलले नाही, आपलं सगळं हातांवर चालायचं.

मी आता गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. लेकरं गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, भांडी घासायची. प्रशिक्षणाला खरं तर आमच्या सेविका जायच्या होत्या, पण त्यांच्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मला म्हणाल्या, "तीन दिवस नुसतं बसून यायचं काकू, चहा-नाश्ता हाये. डुलकी लागली तं मागं बसा." विषय होता दिव्यांग लेकरं, त्यांच्या घरची माणसं, आणि ज्यांच्या दारात कोणी डोकावत नाही अशी घरं. त्यांना आधार कसा द्यायचा, त्यांच्याशी कसं बोलायचं. मला वाटलं, हे काय शिकवायचं असतं का, करायचं असतं. पहिल्या दिवशी मी डुलकी घेतलीच.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिघी-तिघींचे गट पाडले. एकीनं मुकी व्हायचं, एकीनं तिच्या घरची सोबतीण, आणि एकीनं डॉक्टर. मुकीला चिठ्ठी मिळायची. चिठ्ठीत लिहिलेलं दुखणं तिनं हातांनी सोबतिणीला सांगायचं आणि सोबतिणीनं ते डॉक्टरला सांगायचं. मुकी होण्याची चिठ्ठी आली माझ्या वाट्याला. अख्खा हॉल हसला. मागून एक जण ओरडली, "मॅडम, काकूले गप्प बसवलं तुम्ही! हे तं आमच्या सरपंचालेही नाही जमलं!" आमच्या गटात बाई कमी पडली म्हणून डॉक्टर केलं तालुक्याच्या ऑफिसातल्या एका साहेबांना. माझ्या चिठ्ठीत होतं, लघवीला आग होते. मला कसली आली लाज. मी बसल्या जागी सगळं करून दाखवलं, तोंड वाकडं करून, पाय आवळून. माझी सोबतीण म्हणजे नवीन लागलेली एक सेविका, पंचविशीतली पोरगी. तिचे कान लाल झाले. तिनं साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, यांचं पोट दुखते." साहेबांनी कागदावर पोटदुखी लिहिलं.

सगळ्या हसत होत्या. मी मात्र खुर्ची मागे सारून उभी राहिले.

"खोटं काहून सांगतलं वं?"

"काकू, खेळ हाये तो. सरासमोर कसं सांगू मी असं?"

"तुले समजलं होतं ना?"

"समजलं होतं."

"मंग?"

माझा आवाज असा चढला की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम धावत आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "तुम्हाला इतका राग का आला, सांगाल?" माय, तेव्हा मी खरं सांगू शकले असते. मी म्हणाले, "माझी माय मुकी-बहिरी होती." हे खरंच आहे. पण मी काय केलं ते यात कुठेच नाही. मॅडमनी मला पुढे नेलं, तुझ्या खुणा दाखवायला सांगितल्या. मी दाखवल्या. मिशीवरून बोट फिरवलं की बाबा. दोन्ही हातांनी चाक फिरवलं की एसटी. दंडावर सुई टोचली की दवाखाना. आणि गालावर करंगळी टेकवली की मी, लहानपणी गालाला चटका बसला होता त्याच्या डागावरून. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. चहाच्या वेळी ती पोरगी माझ्या पाया पडली. "चुकलं काकू." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कोणत्या तोंडानं ठेवला ते तुलाच माहीत.

मी डोळे मिटले की तू चुलीपाशी बसलेली दिसतेस. दूध तापायला ठेवलंस की तुझा तळहात झाकणीवर असतो. उकळी फुटायच्या आधी झाकणी थरथरते आणि ती तुझ्या हाताला कळते. कोणाचंही दूध उतू जायचं, तुझं कधी गेलं नाही. बाबांनी तुझ्याशी चार खुणांवर संसार केला: जेवण, पाणी, शेत, झोप. पाचवी शिकायला त्यांना वेळ झाला नाही, आणि मग ते गेलेच. भाऊ लहान, तो नुसता तुझ्या मागे पळायचा. तुझं सगळं बोलणं मलाच कळायचं. कापूस वेचायला जायचीस तिथे मुकादमाशी मी बोलायची, रेशनच्या दुकानात मी, शाळेत मी. मला कंटाळा यायचा ग. तू हातांनी लांबलचक सांगत बसायचीस आणि मी त्यातलं एक वाक्य पुढे टाकायची. तू माझी हनुवटी धरून तोंड तुझ्याकडे वळवायचीस, अजून आहे, अजून सांग. मी मान झटकायची. बोलत्या माणसाला गप्प करायला ओरडावं लागतं. तुला गप्प करायला मला नुसतं दुसरीकडे पाहावं लागायचं. आणि ते मी रोज करायची.

आता लिहिते. लिहायचंच आहे तर लिहितेच.

मी सतरा वर्षांची होते. आंघोळीच्या वेळी तू माझा हात धरून तुझ्या डाव्या छातीवर ठेवलास. आत बोराएवढं काहीतरी होतं, घट्ट. मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तू दंडावर सुई टोचून दाखवलीस, चाक फिरवलंस. म्हणजे दवाखान्यात ने. आपण गावाजवळच्या ढाणकीहून एसटीनं पुसदला गेलो. डॉक्टरांच्या खोलीला पडदा होता, पण तो अर्धाच. बाहेरच्या बाकावर आपल्या गावचा दुकानदार बसला होता, खोकल्याचं औषध घ्यायला आलेला. माझी सोयरीक तेव्हा त्याच्याच मध्यस्थीनं चालली होती. तो आत पाहत होता. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय यांना?" तू मोकळेपणानं पदर बाजूला सारायला लागलीस, अंगठा बोटाच्या पेरावर ठेवून दाखवलंस, एवढं आहे. मी तुझा पदर परत ओढला आणि म्हणाले, "पाठ दुखते तिची. वेचणीले जाते ना."

मला समजलं नव्हतं असं नाही. मला सगळं समजलं होतं.

डॉक्टरांनी तुला उभं केलं आणि पाठीवर बोटं दाबून पाहिली. तू आधी त्यांच्या हाताकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. मी भिंतीकडे पाहत होते, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तू दिसत होतीस. तू बाकावरच्या दुकानदाराकडेही पाहिलंस. बहिऱ्या माणसाला माणसांची तोंडं वाचता येतात. तुला मिनिटाच्या आत सगळं कळलं असणार. डॉक्टरांनी मानेनंच विचारलं, इथे दुखतं? तू तुझा हात मागे नेलास, स्वतःच पाठ चोळलीस आणि मान हलवलीस. हो. इथेच.

गोळ्या मिळाल्या आणि मलम. ते मलम मी कितीतरी महिने रोज संध्याकाळी तुझ्या पाठीला चोळलं, माय. तू पाठ देऊन बसायचीस. आपल्यात त्यावर एकदाही हात हलला नाही. माझं लग्न ठरलं, झालं. वर्षभरानं माहेरी आले तर तुझ्या चोळीला डाग होते आणि घरात वास होता. यवतमाळला नेलं. तिथे सांगितलं, फार उशीर झाला. भावानं मला विचारलं, "तिनं आधी कधी दाखवलं नाही का तुले?" मी म्हणाले, "तिले सांगताच आलं नाही." तू शेजारी खाटेवर पडली होतीस. आमची तोंडं पाहत होतीस.

तू गेल्यावर भाऊ पुसदला गेला. चौदा वर्षांचा होता. मला कळलं तशी मी मागून गेले. पोचले तोवर त्यानं डॉक्टरांच्या दाराची काच दगडानं फोडली होती. डॉक्टर बाहेर आले, काचांवरून चालत. त्यांनी त्याच्यावर हात उगारला नाही. म्हणाले, "बाळा, मला पाठ सांगितली होती. हिला विचार." भावानं माझ्याकडे पाहिलं. रस्त्यावर माणसं जमली होती. मी म्हणाले, "खोटं बोलून राह्यला हा. मुक्या बाईले फसवलं यानं." डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. पोलिसात गेले नाहीत, काचेची भरपाई मागितली नाही. आत गेले. भाऊ तिथेच खाली बसून रडला. मी त्याला कुशीत घेतलं. लोकांनी म्हटलं, पोरगी धीराची आहे.

तर प्रशिक्षणाचा तिसरा दिवस. मॅडमनी फळ्यावर लिहून दिलं, मुक्या-बहिऱ्या माणसाच्या वतीनं कधीही बोललात तर काय बोललात ते त्याला परत हातांनी दाखवा. त्याची मान हलली तरच पुढे जा. सगळ्यांनी वहीत उतरवलं. मीही उतरवलं. पण मला उठून म्हणायचं होतं, मॅडम, मान हलली म्हणजे खरंच असतं असं नाही. माणूस आपल्या लेकराची लाज झाकायलाही मान हलवतो. तीन दिवस मी तोंड बंद करून बसणारी नव्हे, तिथे मात्र मी बसले. कारण पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत?

गावात परतले तर सेविकांनी सगळं ऐकूनच ठेवलं होतं. म्हणाल्या, "काकू, आता तुम्हीच मुक्यांच्या वकील." आमच्या गावात एका घरी मुकी सून आहे, सातव्या महिन्यात. तिच्या तपासणीला दर वेळी सासू सोबत जाते आणि सगळं सासूच बोलते. या वेळी सेविकांनी मलाही सोबत धाडलं. डॉक्टर तरुण होते, पुरुष. त्यांनी सुनेकडे पाहून विचारलं, काही त्रास? सासू पुढे झाली. "तिले काय इचारता साहेब, ते मुकी हाये. मले इचारा. बरी हाये. जेवत नाही धड, एवढंच." सुनेनं सासूकडे पाहिलं आणि मान हलवली. डॉक्टर लिहायला लागले.

ती मान मला ओळखीची होती. मी सासूला म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा."

"काहून? माही सून हाये."

"तुमचीच हाये, कोणी घेऊन नाही चाललं. बसा बाहेर."

ती बडबडत गेली. मी खुर्ची ओढून सुनेसमोर बसले, आणि नुसती बसले. दुसरीकडे पाहिलं नाही. डॉक्टरही पेन धरून थांबले, भला माणूस. बऱ्याच वेळानं तिनं दाराकडे एकदा पाहिलं आणि मग लुगड्याला हात लावून, कपाळाच्या लाल कुंकवावर बोट टेकवून, तीन बोटं दाखवून सांगितलं. मी म्हणाले, "डॉक्टर, तिले तीन दिवसांपासून खालून रगत जाऊन राह्यलं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गाडी बोलावली, पुसदला धाडलं. चार दिवस तिथे ठेवून घेतलं आणि परवा घरी सोडलं. दोन्ही जीव बरे आहेत. सासू मला विहिरीवर भेटली तर म्हणाली, "तुह्या जिभेले हाड नाही. परक्या माणसासमोर घरची अब्रू काढली." मी म्हटलं, "काढली. अजून काढीन."

माय, मला वाटलं होतं हे केल्यावर थोडं हलकं वाटेल. सेविकांनी चहा पाजला, मॅडमना फोन करून कळवलं. पण घरी आले आणि चुलीपुढे बसले, तेव्हा एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. ते किती सोपं होतं. एक वाक्य होतं. बोलायला घोटभर पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नाही, छत पडलं नाही, डॉक्टर हसले नाहीत. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की सतराव्या वर्षी ते जमण्यासारखंच नव्हतं. जमण्यासारखं होतं. मी केलं नाही.

काल भावाचा फोन आला. तो पुसदलाच असतो, त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. टाळ्यांचं त्याच्याही कानावर गेलं होतं. "ताई, माय असती तं केवढी खूश झाली असती वं." मग म्हणाला, पोरीला परवा ताप भरला होता, एकशे तीन. त्या डॉक्टरची मुलगी आता तोच दवाखाना चालवते, त्याच्या घरापासून चार दुकानं सोडून. म्हातारा अजून बाहेर खुर्ची टाकून बसतो. "बायको म्हणे, जवळच हाये, तिथंच नेऊ. म्या म्हटलं, पोरगी तापात फणफणली तरी त्या पायरीवर पाय नाही ठेवणार. ऑटो करून पार गावाच्या त्या टोकाले नेलं. बरोबर केलं ना वं?"

त्याला माझं उत्तर पाहिजे होतं. मागे पोरगी खोकलत होती, तेही ऐकू येत होतं.

मी म्हणाले, "बरोबर केलं."

फोन ठेवून मी ही वही उघडली. खरं सांगायचं तर ती भावासाठीच उघडली होती. तोंडानं होत नाही तर कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावं, म्हाताऱ्याच्या अंगात जीव आहे तोवर. वर त्याचं नाव लिहिलं आणि खाली काही सुचेना, ते पान फाडलं. दुसरं घेतलं, तेही फाडलं. तिसऱ्या पानावर 'माय' लिहिलं, तेव्हा हात चालायला लागला. कारण तू रागावणार नाहीस हे मला माहीत होतं.